वर्गापुरती पानं

रविवार, ७ जुलै

दादाकडे जेवायला गेले आणि जेवण काही गोड लागलं नाही. टेबलावर झेरॉक्सचे गठ्ठे. वहिनीच्या पाचवीच्या वर्गासाठी. वरचा कागद सहज उचलला तर — माझीच गणितं! माझं अपूर्णांकांचं अख्खं पुस्तक, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि माझं नाव कुठेच नाही. प्रत्येक पानाच्या तळाशी उत्तरं छापली आहेत. ती मुलांना दिसू नयेत म्हणून वहिनी तिथे कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढते. माझं नाव त्याच ओळीत. उत्तरांबरोबर मीही गडप!

"अगं, घरचंच पुस्तक ना," वहिनी म्हणाली. "आणि वर्गात शिकवायला चालतं की." मी अर्ध्या ताटावरून उठले. दादाने विचारलं, डोकं दुखतंय का? हो म्हटलं.

सोमवार, ८ जुलै

प्रकाशकांना फोन केला. वहिनीचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, वर्गापुरती थोडी पानं काढली तर हरकत नाही, पण सगळं पुस्तकच उतरवून घेतलं तर विकत कोण घेणार? पहिला भाग खपला नाही तर दुसरा निघणार नाही, हे त्यांनी मागेच बजावलं होतं. "शाळा कोणती ते सांगा, पत्र धाडतो."

दुसरा भाग अर्धा लिहून झालाय. तरी शाळा सांगायला जीभ रेटेना. बघून कळवते म्हटलं.

मंगळवार, ९ जुलै

राग आहेच.

गुरुवार, ११ जुलै

शेवटी वहिनीलाच सांगून टाकलं. एका दमात, तिला मध्ये बोलू न देता. ती म्हणाली, "तुझं पुस्तक अडलंय हे आधी नाही सांगायचं? परक्यासारखी वागतेस! आणि नाव झाकलं जातंय हे खरंच ध्यानात नाही आलं गं." मला रडूच फुटलं.

ठरलं ते असं: वर्गासाठी पुस्तकं मागवायला ती मुख्याध्यापकांच्या मागे लागणार. तोवर झेरॉक्स फक्त चार पानांच्या, नावासकट. कुठली चार, ते मुलं ठरवणार.

गळक्या टाकीचं पान येणारच! त्यासाठी मी किती डोकं शिणवलंय.

मंगळवार, १६ जुलै

टाकी नाही आली! पण एक पान वर्गातल्या झाडून सगळ्या मुलांनी मागितलं. कागदाला घडीवर घडी घालायची आणि दर घडीला किती भाग झाले ते लिहायचे. वहिनीने फोनवर वाचून दाखवलं. सुरेख आहे. सोपं, आणि मुलांचे हात गुंतवणारं.

फक्त, मी लिहिलेलं नाही. माझं सातवं पान मुलांना जड जात होतं, म्हणून तिने स्वतः तयार करून गुपचूप मध्ये सारलेलं.

बुधवार, १७ जुलै

ते पान माझ्या दुसऱ्या भागात घेऊ का, असं वहिनीला आज रीतसर विचारलं.

"विचार करून सांगते," म्हणाली.