किटलीचा कान आणि बाबांचा ट्रॅक्टर

जेमस्टाउन, मंगळवार

तीर्थरूप बेरिलताईस,

धाकट्या आल्बीचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरल्यामुळे तूर्त कागदावरच). दाजींचा गुडघा कसा आहे? मेंढ्या कातरून झाल्या का? आणि तुझा राग? (त्याचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल.)

आमच्या लग्नात तू दिलेल्या चांदीच्या किटलीबद्दल मी गेल्या पत्रात जे काही लिहिलं, ते सगळं त्या लोहचुंबकाचं पाप. झालं असं, की शनिवारी गावात भरणाऱ्या शेतकी शोमध्ये मिरवायला म्हणून मी बाबांच्या ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं. जुने सुटे भाग विकणाऱ्या विल्फकडून आठ व्हॉल्व्ह आणले. चार हवा आत घेणारे, चार तापलेला धूर बाहेर सोडणारे. दिसायला सारखेच, पण धुराचे वेगळ्या पोलादाचे, लोहचुंबकाला दाद न देणारे. विल्फने ते दोन पुड्यांत नीट बांधून दिले होते. नोरीनने पुड्या सोडून आठही स्कोन-पाव भाजायच्या परातीत घासूनपुसून एकत्र मांडले. (बायको फार कामसू असू नये.) चुकीचा व्हॉल्व्ह धुराच्या जागी बसला तर जळून जातो, म्हणून मी एकेकाच्या दांडीला लोहचुंबक लावून पाहिलं. आठही चिकटले! मग काय, हाती लागेल ते तपासत सुटलो, त्यात तुझी किटली सापडली. तीही चिकटली. तुला पत्र लिहिलं आणि विल्फला फोनवर लबाड म्हणालो.

विल्फ ऐंशी किलोमीटर गाडी हाकत आला. नोरीनचे लॅमिंग्टन केक खात म्हणाला, "आल्बी, दांडी साध्याच पोलादाची असते, वेगळी जोडलेली. धुरात तापते ती खालची चकती. तिथे लाव की, शहाण्या!" लावलं. चार चिकटले नाहीत.

मला घाम फुटला, तो किटली आठवून. ताई, तीही मी फक्त कानालाच तपासली होती गं! कान लोखंडाचा असणारच. तेवढ्यावरून मी तुला "चांदी सांगून पत्रा दिलास" असं लिहिलं. चुकलो. फार वाईट वाटतंय.

तुझा,
आल्बी

ता. क. इंजिन जोडलं, पण सुरू होईना. बाबांनंतर ते फक्त तुझ्या हाताला दाद देतं, हे कबूल करायला मला तीस वर्षं लागली. शनिवारी ये. मिरवणुकीत तूच चालव, मी मागून चालत येईन. बाबांची टोपी झटकून ठेवली आहे.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी नोरीनने किटलीच्या पोटाला लोहचुंबक लावलं. निघता निघेना. पण तीस वर्षांत ती थेंबभर गळली नाही, आणि हे लोहचुंबकाला काय कळणार? तू ये.