मोर्तबाखालच्या दोन ओळी

शनि. ४ ऑक्टोबर, मेडनहेड
मोडीचा ऑनलाइन कोर्स संपला. सर्टिफिकेट फ्रिजवर. एजवेअरहून सुहासिनीकाकूंचा फोन. सातारच्या महाराजांनी त्यांच्या सासरच्या घराण्याला धाडलेलं पत्र मी तपासायचं आणि मराठी मंडळाच्या दिवाळीत त्यावर बोलायचं. नीट झालं तर लॉफ्टमधली जुन्या कागदांची अख्खी ट्रंक मला वाचायला देणार. म्हणजे दिलीच. संजय म्हणाला, आधी पत्र तर बघ. नवऱ्यांना कल्पनाशक्ती नसते.

सोम. ६ ऑक्टोबर
पत्र आलं. चहा निवायच्या आत निकाल: अस्सल. वर शिक्का, मजकूर संपला की मोर्तब, म्हणजे शेवटची छोटी मुद्रा. तिच्याखाली कोणी काही घुसडलं तर ते बनावट. भाषणात हे ठासून सांगणार.

मंगळ. ७ ऑक्टोबर
मोर्तबाखाली दोन ओळी आहेत. काल चष्मा वर बेडरूममध्ये होता. घराण्याला पालखीचा मान दिलाय तो नेमका त्याच ओळींत. शाई निळसर, वरची काळी.

बुध. ८ ऑक्टोबर
घाबरायचं कारण नाही. मलाही ईमेल गेल्यावर अटॅचमेंट आठवते. महाराजांना पालखी आठवली असेल.
संजय म्हणाला, काकूंना सरळ सांग. सांगणार. रविवारी. स्पष्ट, पण प्रेमाने.

रवि. १२ ऑक्टोबर
एजवेअरला गेले. काकूंनी चकल्या पुढे केल्या आणि विचारलं, काय गं, पत्रात सगळं बरोबर आहे ना? तोंडात चकली होती. मान हलवली. उभी हलली.
परतताना ठरवलं: खरेपणापेक्षा माया मोठी. ट्रंकेचा याच्याशी काही संबंध नाही.

शनि. १८ ऑक्टोबर
भाषण रंगलं. मोर्तबाखालच्या ओळी म्हणजे ‘महाराजांचा दुर्मिळ उत्तरविचार’, असं सांगितलं. हा शब्द मला स्टेजवरच सुचला. टाळ्या पडल्या.
मग काकूंनी माइक घेतला. म्हणाल्या, त्या ओळी माझ्या सासऱ्यांनी लिहिल्या, फाउंटन पेनने. घरात सगळ्यांना माहीत होतं, बोललं कोणी नाही. मग माझ्याकडे वळून, हळूच, पण माइक चालूच: वाटलं होतं, तू बोलशील.
ट्रंक कार्यक्रमाला पाहुणी आलेल्या कार्डिफच्या अक्षयाला मिळाली. तिला मोडीचा गंध नाही. भाषणाआधी फराळाच्या रांगेत, टेबलावर मांडलेलं पत्र बघून तिने फक्त विचारलं होतं, काकू, खालची शाई वेगळी का दिसते?
तिच्या गाडीत ट्रंक मावेना. उद्या मी पोचवणार आहे. आमची डिकी मोठी आहे.