आलापल्लीचा कुत्रा अन् सख्खी आजी

नीलाबाई, आलापल्ली,

गोंडपिपरीहून तुह्या थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. तुहे गुडघे कसे आहेत? घरधन्याचा खोकला गेला का? (गेला नसन, बिडी कुठी गेली आहे.)

तुहा कुत्रा भुऱ्या कसा आहे ते विचारत नाई. ते मले माह्याच नातीकडून कळते. करिश्मा नागपुरात जनावरांची डॉक्टरीण होऊन राह्यली, हे साऱ्या गावाले मीच सांगतलं. आता म्हणे कुत्र्या-मांजरांच्या मेंदूत गाठ असली तर डोकं न उघडता, नुसत्या रक्तात तिची खूण सापडते का, ते शोधते. शोध म्हटलं. पण गाठ व्हाची तर तुह्याच कुत्र्याले काऊन? त्याले फिट आली, तो गोल गोल फिराले लागला, अन् पोरगी दर महिन्याले रक्त काढाले आलापल्ली गाठते. (रस्त्यात गोंडपिपरी लागते. बस थांबते. ती उतरत नाई.) मी फोनवर म्हटलं, माह्यंही रक्त पाह्य. म्हणते, "आजी, तुले काईच झालं नाई." धडधाकट राहाची ही शिक्षा!

मागच्या आठवड्यात आमचा कुत्रा लालू झोकांड्या खाऊन राह्यला, भिताडाले डोकं टेकवून उभा. मले लय बरं वाटलं. लगेच फोन केला, गाठ आहे, ये. आली धावत. रक्त काढलं, डोळ्यात बत्ती मारली, मग त्याचं तोंड हुंगलं. "आजी, मोहफुलं कुठी सडवाले ठेवली होती?" (औषधापुरती दारू गाळाची होती. कोणाले सांगू नको.) मी म्हटलं, मंग निरोगी म्हणून तरी लिही. ताडून पाहाले तिले निरोगी कुत्र्यांचंही रक्त लागते ना! "पिलेल्याचं चालत नाई," म्हणे. अर्धा चहा ठेवून आलापल्लीच्या गाडीत बसली.

माहा तुह्यावर राग नाई. लहानपणापासून चांगलं ते तुलेच भेटलं, आता आजारी कुत्राही.

तुही बाई,
रुखमाबाई

ता. क. भुऱ्याले हवापालट म्हणून इथी पाठव. रोज मटणाचा रस्सा घालीन.

आणखी एक. तो किती दिवस काढन, असं मी करिश्माले विचारलं. तिनं नाक पुसलं. म्हणून म्हणते, लवकर पाठव. त्याचं बरंवाईट झालं तर पोरगी रडन, अन् ती तुह्या घरी बसून रडलेली मले चालणार नाई.