'माणूस निघाला आहे' हे वाक्य एक दिवस न बोलण्यासाठी रजा मिळणेबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
उपनगर वसाहत देखभाल मंडळ,
मध्यवर्ती तक्रार कक्ष, अंधेरी (पूर्व), मुंबई.

दिनांक : ११ सप्टेंबर २०२५

विषय : एक दिवसाची किरकोळ रजा, खऱ्या कारणासह, मंजूर होणेबाबत.

संदर्भ : (१) माझा याच विषयाचा पहिला अर्ज, 'कारण अपुरे' या शेऱ्यासह परत.
(२) माझा दुसरा अर्ज, जो आपल्या सांगण्यानुसार पुढे निघाला आहे.
(३) मला मिळालेला मेमो, 'रहिवाशाशी मौन बाळगल्याबाबत'.

महोदय,

१. मी सौ. वसुधा विद्याधर केळुसकर, राहणार बोरिवली (पश्चिम), आपल्या कक्षात तक्रार लिपिक म्हणून बरीच वर्षे काम करीत आहे. मंडळाच्या वसाहतींमध्ये लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंप बिघडला, जिन्यातला दिवा गेला, की रहिवासी फोन करतात. मी तक्रार नोंदवून घेते आणि ठरवून दिलेले वाक्य सांगते : "आपली तक्रार नोंदवली आहे, माणूस निघाला आहे." माझा आवाज मृदू असल्याने चिडलेले रहिवासी शांत होतात, असे माझ्या गोपनीय अहवालात आपणच लिहिले आहे. त्याबद्दल मी ऋणी आहे.

२. पहिल्या अर्जात मी कारण 'मन थकले आहे' असे लिहिले होते. पावसाळा संपेपर्यंत रजेला आजारपण, विवाह, मृत्यू किंवा धार्मिक कार्य यांपैकी एक कारण लागते, परिपत्रकात मन नाही, असे आपल्या आस्थापना शाखेचे लिपिक श्री. नंदकिशोर यांनी मला समजावून सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता. ते म्हणाले, "ताई, उद्यापन टाका ना. देवाचं नाव आलं की साहेब पुढचं वाचतसुद्धा नाहीत." माझ्या शेजारच्या टेबलावरील कु. मानसी म्हणाली, "पोट बिघडलं लिहा यार, वसुधाताई. पोटाचा पुरावा कोण मागतंय?" दोन्ही सूचना व्यवहाराला धरून होत्या. माझ्या घरात सध्या लग्न नाही, आणि देवाच्या दयेने कोणी गेलेलेही नाही. तरी मला त्या सूचना घेता आल्या नाहीत. त्याचे कारण घरगुती आहे, पण सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

३. मी दर चातुर्मासात, आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, एखादा नेम धरते. कधी कांदा-लसूण सोडला, कधी केळीच्या पानावरच जेवले, एका वर्षी जेवताना मौन पाळले. यंदा कोणता नेम धरावा, अशा विचारात मी देवापुढे बसले होते. हातात संकल्पाचे पाणी होते. मागून माझी मुलगी सई म्हणाली, "आई, वांगं काय गं, कोणीही सोडेल. खोटं बोलणं सोडून दाखव." ती थट्टा करीत होती. मी तिला गप्प करण्यासाठी "बरं बाई" म्हणाले आणि त्याच क्षणी हातातले पाणी ताम्हनात सुटले. महोदय, पाणी सुटले म्हणजे संकल्प झाला. तो मागे घेता येत नाही. मी सासूबाईंच्या वेळच्या गुरुजींनाही फोन करून विचारले. ते हसले आणि म्हणाले, "सोपा नेम आहे की." मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

४. दुसऱ्या दिवशी कक्षात पहिला फोन उचलला, तेव्हा मला समजले की मी काय करून बसले आहे. लिफ्ट दुरुस्तीचे पद मागील कर्मचाऱ्याच्या सेवानिवृत्तीनंतर रिक्त आहे, हे आपणास विदित आहेच. ठेकेदाराचा माणूस सवडीने येतो. म्हणजे मी ज्याच्याविषयी 'निघाला आहे' असे सांगते, तो उशिरा निघत नाही की वाटेत अडकत नाही. तो नेमलाच गेलेला नाही. मी सुरुवातीला वाक्य थोडे बदलून पाहिले. "माणूस निघेल" म्हणाले. "माणूस निघावा असा प्रयत्न आहे" म्हणाले. एकदा "देवाच्या मनात असेल तर निघेल" असेही म्हणाले. रेकॉर्डिंग ऐकून मला तोंडी समज देण्यात आली की देवाचे मन हा विषय मंडळाच्या कक्षेत येत नाही. तेव्हापासून मी ठरलेले वाक्यच बोलते.

५. नेम मोडला तर प्रायश्चित्त हवे. प्रत्येक खोट्या वाक्यामागे एक माळ जप करायचा, असे मी ठरवले. काही दिवस निभावले. मग लिफ्टच्या खड्ड्यांत पावसाचे पाणी साचले, फोन वाढले, आणि माळा फिटेनाशा झाल्या. आता मी भाजी निवडताना जपते, बसस्टॉपवर जपते, पोळी उलटताना जपते, तरी मागची बाकी राहतेच. माझे पती म्हणतात, "तुझ्याशी बोलायचं तर आता दर्शनाच्या रांगेत उभं राहायला हवं." लहानपणापासून नामस्मरण हा माझा विसावा होता. हल्ली माळ हातात घेतली की ड्युटी लागल्यासारखे वाटते. हे लिहिताना मला लाज वाटते, परंतु खरे कारण मागितले गेल्यास हेच आहे.

६. मेमोबाबत खुलासा असा, की घाटकोपरच्या वसाहतीत सातव्या मजल्यावर श्रीमती रुक्मिणीबाई नावाच्या वयस्क रहिवासी आहेत. गुडघे काम देत नाहीत. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. त्या रोज दुपारी फोन करतात. त्या दिवशी मी वाक्य सुरू केले, 'माणूस' या शब्दापर्यंत आले आणि पुढचे शब्द तोंडातून बाहेर पडले नाहीत. रेकॉर्डिंगमधील मौन ते हेच. त्यात उद्धटपणा नव्हता. माझे ओठ हलत होते, असे मानसी सांगते. मग रुक्मिणीबाईच म्हणाल्या, "निघालाय ना? निघू दे गं. रोज निघतो बिचारा, दमत असेल. तू जेवलीस का?" मी "नाही" म्हणाले. त्या दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले ते एकच खरे उत्तर. त्या म्हणाल्या, "मग जेव आधी. मी फोन धरते." मेमोमध्ये 'विनाकारण लाइन अडवून ठेवली' असे जे म्हटले आहे, तेवढा वेळ मी डबा खात होते आणि रुक्मिणीबाई ऐकत होत्या. मला रडू आले, तेही रेकॉर्डिंगमध्ये असावे.

७. आजारपण हे कारण खरोखर लागू पडते का, हे पाहण्यासाठी मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितले की काहीही झालेले नाही, विश्रांती घ्या. प्रमाणपत्र मागितल्यावर म्हणाले, "व्हायरल लिहू का?" मी नको म्हणाले. त्यांनी फी घेतली नाही. त्यानंतर आपण मला दालनात बोलावून ममतेने सांगितलेत की, "बाई, कार्तिकी एकादशी होऊ द्या. नेम संपला की पोटदुखी लिहून या, त्याच दिवशी सही करतो." आपल्या सहृदयतेची मला जाणीव आहे. परंतु तोपर्यंत माझे कसे होईल, हे मला सांगता येत नाही.

८. रजेच्या दिवशी काय करणार, असा प्रश्न होता. काहीही करणार नाही. पूजा, उद्यापन, पाहुणे, काही नाही. माळही देव्हाऱ्यात ठेवीन. 'रजेच्या काळातील पत्ता' या रकान्यात मी 'गोराईची बोट' असे लिहिले आहे, ते चुकून नव्हे. बोटीने पलीकडे जाईन, आणि त्याच बोटीने परत येईन. कोणी विचारले, कुठे निघालात, तर निघाले आहे असे सांगता येईल. एवढा एक दिवस बाकी वाढू नये, इतकेच. मागची फिटेल अशी आशा मी सोडली आहे.

९. माझा दुसरा अर्ज मुख्य कार्यालयाकडे निघाला आहे, असे आपण सांगितलेत. मी तो देवापुढे ठेवून मग आणला होता, त्यामुळे त्याच्या कोपऱ्याला कुंकवाचे बोट लागले आहे. तो कोपरा श्री. नंदकिशोर यांच्या टेबलावर कॅलेंडरखालून रोज दिसतो. माझी नजर फसत असेल म्हणून मी मुख्य कार्यालयात फोन केला. तेथील बाईंनी अतिशय मृदू आवाजात सांगितले, "आपला अर्ज नोंदवला आहे, पुढे निघाला आहे." महोदय, त्या बाई माझ्या ओळखीच्या नाहीत. पण तो आवाज मी ओळखला. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांना विचारले, "तुम्ही जेवलात का?" आणि मी फोन धरून ठेवला.

१०. सबब नम्र विनंती की, मला एक दिवसाची रजा, वार आपल्या सोयीचा, मंजूर व्हावी. ते शक्य नसल्यास या अर्जावर 'नामंजूर' असे लिहून सही करावी. ते खरे असेल. मी तो कागद घेऊन जागेवर जाईन, हेडफोन लावीन आणि पुढचा फोन उचलीन, माझी तक्रार राहणार नाही. फक्त अर्ज निघाला आहे, असे कृपया मला सांगू नये.

खरे उत्तर येईल या आशेवर,
आपली विनम्र,

(सौ. वसुधा वि. केळुसकर)
तक्रार लिपिक

सोबत :
(१) पहिला अर्ज, शेऱ्यासह.
(२) मेमोची प्रत.
(३) वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलेले नाही. आजार नाही.