वस्तीचं सामान्यरूप

मंगळवार, ता. ९, सकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते. दोन वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, तरी ताईपणाचा हक्क मी सोडलेला नाही.

काल तुझ्या लेखावरच्या खटल्याचा निकाल लागला. कोर्टात तो टाइप कोणी केला, ओळख पाहू? आपली आडनावं वेगळी, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. सांगितलं असतं तर काम दुसऱ्या टायपिस्टकडे गेलं असतं.

इस्पितळाच्या मालकाचा वकील दोन तास अब्रू, अब्रू करत होता. जजसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला निकाल सांगायला लागले, "मालकांना अब्रू आहे, पण तिथे माणसं कशी दगावली हे लोकांना कळायला हवं. नर्सबाईंचा लेख राहील. पेशंटची नावं मात्र काढायची. ती सांगायची की नाही, हे त्यांच्या घरच्यांनी ठरवायचं. आणि बाईंच्या दारावर एकदा रॉकेल ओतलं गेलंय. तेव्हा त्या आता कुठे राहतात, ते निकालात कुठेही येता कामा नये."

तू लेख लिहिलास तेव्हा 'नसती उठाठेव' म्हणणारी मीच. चुकलं गं माझं. तेवढा परिच्छेद मी तीनदा वाचला.

दुपारी तीन

धाकटे, शिपाईकाका दारात सांगतील तसं आधी घराबाहेर पड. हे वाटेत वाच.

तुझ्या वस्तीचं नाव काढायला मी कॉम्प्युटरला सांगितलं, हे नाव दिसेल तिथे रेघ मार. अकरा ठिकाणी त्याने मारली. बाराव्या ठिकाणी तू त्या वस्तीत राहतेस असं वाक्य होतं. प्रत्यय लागला की नावाचा शेवट बदलतो, त्याला ते दुसरंच नाव वाटलं. सामान्यरूप! शाळेत तुझं ते हमखास चुकायचं आणि मी तुला चिडवून रडवायचे. बाकीची पानं मी तपासलीच नाहीत. तो एकच परिच्छेद घोळवत बसले.

अडीचला मालकाचा माणूस निकालाच्या नकलेसाठी आला. शिक्का मारून मीच दिली. उभ्याउभ्या पानं उलटता उलटता तो एका पानावर थांबला. मग वस्तीचं नाव घेऊन काकांना गोड आवाजात विचारलं, "काका, तिकडे कुठल्या नंबरची बस जाते हो?" काकांनी बिचाऱ्यांनी थांबासुद्धा दाखवला.

"टायपिंग सुबक आहे हं बाई तुमचं," जाताना मला म्हणाला.

साहेबांना सगळं सांगितलं, आपलं नातंसुद्धा. त्यांनी लगेच पोलिसांना फोन केला, तर पोलीस "बघतो" म्हणाले. तुझा नंबर माझ्याकडे नाही, तुझ्या वकिलांचा फोन बंद. मला जबाब लिहून देईपर्यंत हलता येत नाही, म्हणून केसच्या कागदांतला तुझा पत्ता देऊन काकांना टॅक्सीने पाठवतेय. बस त्यांच्या आधी सुटली आहे.

कुठे जातेस ते काकांना सांगू नकोस. आईला मी सांभाळते. नवा पत्ता कुणालाही कळवू नकोस, मलाही नको.

जिच्यावर विसंबू नयेस, ती तुझीच,
ताई