अठराव्या रांगेतली खिडकी

प्रिय ताई,

आम्ही लेकीकडून परत आलो. तिची नोकरी छान चालली आहे, खोलीही हवेशीर आहे. पण हे पत्र त्यासाठी नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुला ठाऊकच आहे, आमचे हे लिफ्टदुरुस्तीत हुशार, पण घरातल्या पडद्याचा रंगही कधी ठरवायचे नाहीत. लेकीकडे जायची तिकिटं काढायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी विमानातल्या जागांचा नकाशा दाखवला. मी काही बोलायच्या आत यांनी बोट ठेवलं. म्हणाले, "जाताना डावीकडे, पंखाच्या मागे, अठरावी रांग. सकाळी ऊन दुसऱ्या बाजूला असतं, काच चमकत नाही. उतरायच्या आधी बर्फाचे डोंगर दिसतात, खाली लांबट तळं." बाईंनी परतीचं विचारलं, तर म्हणाले, "कुठलीही द्या. येताना कोण बाहेर बघतं?"

ताई, आम्ही दोघं आयुष्यात कधी विमानात बसलो नव्हतो. निदान माझी तरी तशी समजूत होती. घरी येऊन विचारलं, तर कामावरच्या एका मित्राचं नाव सांगितलं. मी त्याच्या बायकोला सहज म्हणून फोन केला. तो माणूस बसमध्येसुद्धा उलट्या करतो, विमान कुठलं! मग मात्र माझं डोकं फिरलं. हे कामावर गेले की, माझं ऑफिस सुरू होईपर्यंत, मी कपाटं उपसायची. चौथ्या दिवशी जुन्या हत्यारांच्या पेटीत, तळाच्या कागदाखाली, दोन बोर्डिंग पास सापडले. सहा वर्षांपूर्वीचे. कंपनीचं प्रशिक्षण आहे म्हणून हे तीन दिवस गेले होते, त्याच तारखा. यांच्या नावावर मधली जागा. खिडकीची जागा दुसऱ्या कुणाची तरी. त्या पासावर तेलाचा डाग पडून नाव पुसलेलं.

म्हणजे ते डोंगर यांनी कुणाच्या तरी खांद्यावरून पाहिले होते. हेच मला जास्त लागलं. आठ दिवस मी यांच्या ताटात वाढत होते आणि मनात एकेका बाईचा चेहरा बसवून बघत होते. यांच्या कंपनीतली हिशेबनीस, शेजारीण, त्यांची जुनी वर्गमैत्रीण, कुणालाही सोडलं नाही. भांडण काढलं नाही, कारण उत्तराचीच भीती वाटत होती.

विमानात यांनी मला खिडकीशी बसवलं. तळं दिसायला लागलं तेव्हा मी मान न वळवता विचारलं, "तिला आवडलं होतं का?"

यांनी माझ्या खांद्यावरून खाली तळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ताई रडल्या. म्हणाल्या, धाकटीला दाखवायला हवं हे."

पुढचं सगळं मग त्यांनी सांगितलं. छातीतली गाठ, तिथलं हॉस्पिटल, परतताना तू वेदनेनं डोळे मिटून बसलेली. आणि मला काही न सांगण्याची तू घातलेली शपथ. आईला जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते, तेही त्याच दुखण्यानं. मी सावरायची नाही, असं तुला वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी मला हायसं वाटलं. यांची कुणी बाई नाही म्हणून! दुसऱ्याच क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि मग तुझा राग आला. त्या महिन्यात तू मैत्रिणीकडे हवापालटाला गेली आहेस, असं मी सगळ्यांना सांगत होते. मजेत आहे म्हणून तुझा हेवासुद्धा केला मी.

काल तुझा फोन आला. हे बाल्कनीत जाऊन बोलले आणि आत आले ते उतरलेल्या चेहऱ्यानंच. मी काही विचारलं नाही, त्यांनीही शपथ दुसऱ्यांदा मोडली नाही. पण त्यांनी नऊ तारखेची रजा मागितल्याचं मला कळलं. ती मी रद्द करायला लावली आहे आणि माझी टाकली आहे. या वेळी हॉस्पिटलात तुझ्याबरोबर मी येणार. रडणार नाही असं वचन देत नाही, पण कागदपत्रं सांभाळीन, डॉक्टरांना नीट विचारीन आणि तुझी वेणी घालून देईन. मीही आता पन्नाशीची झाले, ताई. बुधवारी दुपारी तुझ्या दारात उभी असेन. घरी नाही असं भासवू नकोस.

तुझीच,
धाकटी