उजेड नसलेल्या घराचा व्हिडिओ

२ मार्च, सोमवार

नात आंघोळीला गेली, तोवर बोलून घेते. हा तिचा जुना फोन. मी बोलायचं, त्याने लिहायचं. मला अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळे काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक. "आजी, मनातलं त्याला कळत नाही. तोंडाने बोल," असं नातीनेच शिकवलंय. तेव्हापासून फोन हातात आला की मी बोलते.

आज मला नोकरी लागली. पगार नाही, चहा आहे.

नात एका एजंटसाठी भाड्याच्या घरांचे व्हिडिओ काढते. चालत काढले की चित्र हलतं. हलू नये म्हणून यंत्र मिळतं म्हणे, पण किंमत ऐकून ती दोनदा पाणी प्यायली. मग कुठल्याशा ऑफिसने भंगारात काढलेली चाकांची खुर्ची उचलून आणली. खुर्चीत मी, हातात तिचा नवा फोन, मागून ती ढकलणार. "तुझा हात बघ, जरा हलत नाही!" म्हटलं, साठ वर्षं गरम पातेली उतरवली आहेत, फोनचं काय मोठं.

५ मार्च, गुरुवार

तीन घरं झाली. खुर्चीचं एक चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यावर टक् वाजतं. "तेल घालायला हवं," नात म्हणते. "तोवर वरून गाणं लावते, काही ऐकू येणार नाही."

बाथरूमच्या आरशात मी दिसले. मांडीवर पर्स, चेहरा निवडणुकीला उभी असल्यासारखा. "आजी, तूही घराबरोबर भाड्याने जाशील." म्हटलं, जाईन की. फर्निचरमध्ये धर मला.

९ मार्च, सोमवार

एजंट येऊन गेला. बसायच्या आधीच 'निघतो' म्हणणारा माणूस. एक तळमजल्याचं घर आहे, मागच्या बाजूचं. सात महिने रिकामं. खिडकीसमोर भिंत, त्यामुळे आत अंधार. "हे महिनाअखेरपर्यंत भाड्याने गेलं तर पुढची सगळी घरं तुझी. नाहीतर मी ड्रोनवाल्याला बोलावतो."

नात हसून हो म्हणाली. मग कुकरला शिट्टी लावायला विसरली.

कपड्यांच्या दुकानातली नोकरी सोडून तिने हे धरलंय. सुटलं तर परत काउंटरमागे, नऊ ते नऊ उभं. हसतमुखाने.

११ मार्च, बुधवार

अंधाऱ्या घरी गेलो. नातीने टेबललॅम्प लावला, समोर पांढरी चादर टांगली. घर काही उजळेना, चादर मात्र छान दिसली.

मी खुर्चीत बसून नेहमीसारखी बोलत होते. "आजी, हा फोन नुसतं बघतो, लिहीत नाही." बघणारा वेगळा नि लिहिणारा वेगळा, हे मला पटत नाही. सांगितलं नाही तर कळणार कसं? म्हणून सांगत गेले— दारापासून सरळ अकरा फरश्या. मग ओटा. कड गोल आहे, कमरेला लागत नाही. डावीकडे मोरी, एक पायरी खाली, जपून. खिडकीतून भिंत दिसते, दुसरं काही नाही. भर दुपारी दिवा लागेल. पण वारा आहे. आणि इतकी शांतता की नळ ठिबकतोय तो दारातून ऐकू येतो.

"बोल, बोल," नात हसत ढकलत होती. "सगळं पुसणार आहे मी."

१२ मार्च, गुरुवार

पुसलं नाही. "आत्ताच्या आत्ता पाठव," म्हणून एजंट मागे लागला, आणि तिने घाईत गाणं न लावताच व्हिडिओ पाठवला. त्यानेही न बघता नेटवर टाकून दिला. संध्याकाळी त्याचा फोन. फोन तिच्या कानाला, पण मला पलीकडच्या खोलीत ऐकू आलं. "तुझी आजी घर दाखवतेय की माणसं पळवून लावतेय? सोमवारी ड्रोनवाला येतोय."

नात रागावली असती तर बरं झालं असतं. मी चहा दिला, तिने संपवला. नंतर कळलं, साखर घालायचीच राहिली होती.

१३ मार्च, शुक्रवार

एजंटचा फोन. कुणाला तरी ते घर बघायचंय, उद्याच. म्हणाला, "बोलणाऱ्या बाईंना घेऊन या."

"भांडायला येत असणार," नात म्हणाली. मी ठेवणीतले कपडे काढून ठेवले. भांडण तरी नीटनेटकं व्हावं.

१४ मार्च, शनिवार

पन्नाशीचा माणूस. वाद्यं दुरुस्त करतो. हातात पांढरी काठी. दारात ती मिटली, सरळ आत गेला आणि हात नेमका ओट्याच्या कडेवर ठेवला. "गोल आहे खरी. खुर्चीचे टक् मोजले होते, आजी. आजवर ऐकलेल्या सगळ्या व्हिडिओंत नुसती गाणी होती."

एजंट चाचरत म्हणाला, "इथे उजेड जरा..."

"दिवा राहू द्या, मित्र येतात. नळ तेवढा दुरुस्त करा."

घर गेलं. चाकासाठी आणलेली तेलाची बाटली नातीने न उघडता परत पिशवीत टाकली.